हलगी ग्रिडवर बसत नाही

आधी माफी मागतो, कारण मागे जो खडखडाट ऐकू येतोय तो मला काढता आलेला नाही. मी आत्ता चिंचोळी एमआयडीसीत आहे, आमच्या युनिटच्या गेटबाहेर, गाडीच्या काचा वर करून बसलोय. आत दुसरी पाळी चालू आहे. टॉवेलचे माग आहेत, आणि मागाचा आवाज भिंतीतून येतो, काचेतून येतो, कशातूनही येतो. नॉइज रिडक्शन लावून बघितलं, तर माझाच आवाज पिंपातून बोलल्यासारखा झाला. मग म्हटलं राहू दे. तसंही आजच्या गोष्टीत या आवाजाला काम आहे.

विषय असा आहे, की कॉम्प्युटरवर संगीत बनवताना डोकं कुणाचं चालतं? आपलं का त्याचं?

दिवसा मी इथे सॉफ्टवेअर बघतो, रात्री लॅपटॉपवर बीट्स बनवतो. माझ्या मावशीला वाटतं की मी एक बटण दाबतो आणि एटीएममधून नोटा याव्यात तसं गाणं बाहेर येतं. कॉलेजचे मित्र म्हणतात, "तुझं काय बे, सगळं सॉफ्टवेअरच करतंय की." आधी राग यायचा. आता येत नाही, कारण बरीच वर्षं ते दोघंही बरोबर होते. ते कसं, तेच सांगतो.

पण त्याच्या आधी माग. माझ्या कामाचा एक भाग म्हणजे जकार्ड मागाच्या डिझाइन फाइली. टॉवेलवर जे फूल दिसतं ना, ते फाइलमध्ये फूल नसतं. चौकटी असतात. प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याचा एक दोरा, आणि प्रश्न एकच: हा दोरा वर उचलायचा का खालीच ठेवायचा? वर, खाली, खाली, वर. अशा हजारो चौकटी, ओळीमागून ओळ. आज हे फाइलमध्ये असतं. पूर्वी सोलापुरात चादरीचं डिझाइन आधी ग्राफ पेपरवर रंगवायचे, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आणि ती कार्डांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असेल तिथे दोरा वर, नसेल तिथे खाली. जुन्या कामगारांना विचारा, कार्ड उलटं लागलं तर मोराचं काय होतं ते हसत हसत सांगतील.

हा माग फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डचा, १८०४ सालचा. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी तीच कार्डं वापरायची ठरवली. ते यंत्र कधी पूर्ण झालं नाही. पण १८४३ मध्ये त्यावर लिहिताना एडा लव्हलेसने दोन गोष्टी लिहिल्या. एक, जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल. आणि दुसरी, सुरांचे आपसातले संबंध जर त्याच्या नियमांत बसवता आले, तर हे यंत्र संगीतही रचेल. १८४३! विजेचा दिवासुद्धा घरोघरी आला नव्हता. पुढे अमेरिकेत बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आपल्या प्रोग्रॅमने कॉम्प्युटरकडून एक तुकडा वाजवून घेतला तो १९५७ साली, १७ सेकंदांचा. मध्ये ११४ वर्षं गेली.

आता तुमच्यापैकी ज्यांनी एफएल स्टुडिओ उघडलंय त्यांनी डोळ्यांसमोर आणा. उघडल्या उघडल्या काय दिसतं? १६ चौकटींची ओळ. किक, क्लॅप, हॅट, स्नेअर. चौकट पेटवली की आवाज, नाही पेटवली की शांतता. वर, खाली, खाली, वर. म्हणजे तुमच्या आजीच्या पलंगावर जी सोलापुरी चादर आहे, तोही एक सीक्वेन्सरच आहे, फक्त वाजत नाही.

मी ते पहिल्यांदा उघडलं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. ट्रायल होतं. ट्रायलमध्ये सगळं चालतं, गाणं एक्स्पोर्ट होतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडता येत नाही. म्हणजे बसायचं, आणि उठायच्या आत जे काय आहे ते संपवायचं. तेव्हा मी याला शिव्या घालायचो. आता मागे बघतो तर त्या वर्षी मी सगळ्यात जास्त गाणी पूर्ण केली. वाईट होती, पण पूर्ण होती. पुढे नोकरी लागली, पहिल्या पगारातून लायसन्स घेतलं, प्रोजेक्ट परत उघडता यायला लागले, आणि माझ्याकडे अर्धवट फाइलींचा डोंगर झाला. "हलगी_फायनल", "हलगी_फायनल_२", "हलगी_खरंच_फायनल". हसू नका, तुमच्याकडेही आहेत.

दुसरी गंमत. माझे सुरुवातीचे सगळे ट्रॅक एकसारखे वाजतात. आणि ते माझ्यासारखे नाही वाजत, ग्रुपमधल्या बाकीच्या पोरांसारखे वाजतात. कारण काय? सॉफ्टवेअर उघडलं की ताल चार-चारचा ठरलेला. १६ चौकटी ठरलेल्या. टेम्पोचा आकडा आधीच लिहिलेला. सिंथचा पहिला प्रीसेट समोर, आणि तो ऐकायला भारीच असतो, उगाच नाही पहिला ठेवला. प्रत्येक ठिकाणी मला निवड होती, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी कुणीतरी निवडून ठेवलं होतं. मी फक्त मान डोलावत गेलो. कॉम्प्युटरने माझी कल्पकता हिसकावून घेतली असं मी म्हणणार नाही. त्याने कधी मागितलीच नाही, आणि मीही दिली नाही.

आता हलगी.

आमच्या शेजारच्या युनिटमध्ये एक काका पॅकिंगला आहेत. दिवसपाळी करतात आणि लग्नसराईत, जत्रेत हलगी वाजवतात. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. हलगी वाजवणं हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ठराविक समाजांच्या वाट्याला आलेलं काम आहे. वाजवणाऱ्याला मान कमी, पण ती वाजल्याशिवाय कुणाचं कार्य पुढे सरकत नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा हलगी लागते. काकांचे वडील वाजवायचे, आजोबा वाजवायचे.

मी त्यांना म्हटलं, काका, रेकॉर्ड करू का? म्हणाले, कर की. एका रविवारी त्यांच्या घरामागे मोकळ्यात बसलो. त्यांनी आधी कागद आणि काटक्या पेटवून हलगी शेकली. चामडं तापलं की ताणतं, आवाज चढतो. वाजवता वाजवता गार होतं, आवाज उतरतो, मग परत शेकायची. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. मी दोन माइक लावले आणि त्यांनी जवळजवळ तासभर वाजवलं.

घरी येऊन मी काय केलं? जे सगळे करतात ते. चार बारचा एक छान तुकडा कापला, टेम्पो १२० ला आणला, आणि क्वांटाइझ केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्वांटाइझ म्हणजे प्रत्येक ठोका उचलून जवळच्या चौकटीच्या रेघेवर नेऊन ठेवायचा. १२० च्या टेम्पोला एका चौकटीची लांबी १२५ मिलिसेकंद. काकांच्या काडीचा ठोका त्या रेघेच्या थोडा आधी पडत होता, कधी १५ मिलिसेकंद, कधी २०. दर वेळी सारखा नाही. मला वाटलं चूक आहे, दुरुस्त करू. एक क्लिक.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर फोनवरून ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर तुमचा माग हाय. हलगी कुठं हाय ह्यात?"

[हसतो]

मंडळी, हा माणूस दिवसाचे आठ तास मागाच्या आवाजात काढतो, त्याला बरोबर कळलं. मागावर एक दोरा चुकला तर माल रिजेक्ट होतो, त्यामुळे माझं दिवसाचं कामच हे, की कुठलाही दोरा रेघेबाहेर जाऊ नये. तीच सवय मी रात्री हलगीला लावली. काकांची काडी आधी पडते, म्हणून तर नाचणाऱ्याचा पाय उचलतो. आणि तोड जवळ आली की सगळंच किंचित घाईत जातं, तुम्हाला पोटात कळतं की आता काहीतरी होणार. हे सगळं त्या १५-२० मिलिसेकंदांत होतं. माझ्या लूपमध्ये ते नव्हतं. आणि माझ्या लूपमधली हलगी कधी गारही होत नव्हती.

हे दुखणं जुनं आहे बरं का. १९८० मध्ये अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ नावाचं ड्रम मशीन काढलं. खऱ्या ड्रमचे आवाज त्यात भरलेले होते, आणि ठोके रेघेवर आणायची सोयही होती. पण त्याच मशीनमध्ये लिन यांनी दुसरं एक बटण दिलं, स्विंगचं. दर दुसरा ठोका जरा उशिरा पाडायचा, किती उशिरा ते तुम्ही ठरवायचं. म्हणजे ज्याने रेघ आखली त्यालाच पहिल्या दिवसापासून माहीत होतं की रेघेवर बसवलेलं संगीत अवघडून बसतं. पुढे लिन यांच्याच डिझाइनमधून निघालेल्या एमपीसी मशीनवर जे डिला यांनी बरेच ठोके सरळ बोटांनी टाकले, दुरुस्त न करता, आणि आज जगभरचे ड्रमर त्याची नक्कल करत बसतात. मशीनवर माणसाने केलेली गडबड माणसं आता हाताने शिकतायत. असो.

मग मी काय म्हणतोय, मशीन बाजूला ठेवा आणि हलगी हातात घ्या? नाही. तसं म्हणणं सोपं आहे, आणि त्यात चरणजित सिंग बसत नाहीत.

हे मुंबईचे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवलेला माणूस. १९८२ मध्ये त्यांनी एक रेकॉर्ड काढली, दहा राग, खाली डिस्कोचा ठेका. यंत्रं तीन, तिन्ही रोलँडची: टीआर-८०८, ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३. यातलं ३०३ हे बेस गिटारच्या जागी वापरायला बनवलेलं छोटं यंत्र, म्हणजे एकटा गिटारवाला बसलाय, त्याला साथ हवी, तर ही डबी लावा. बेस गिटार म्हणून ते काही जमलं नाही. कंपनीने १९८४ पर्यंत बंदही केलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि ती ऐकायला मींडेच्या जवळ जाते. सिंग यांनी त्यात रागाचे सूर भरले.

रेकॉर्ड चालली नाही. इकडे शिकागोतल्या पोरांनी तेच बंद पडलेलं ३०३ वापरून, त्याच्या खुंट्या वाटेल तशा पिळून, १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाऊस नावाचा प्रकार काढला. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये परत निघाली तेव्हा लोकांनी डोकं धरलं, कारण ती ऐकायला हुबेहूब तशीच, आणि पाच वर्षं आधीची. २०१५ मध्ये ते गेले. जगात पहिलं अ‍ॅसिड हाऊस मुंबईत झालं का, यावर लोक अजून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. मला रस यात आहे, की त्या यंत्राला जे जमत नव्हतं ते त्याच्याकडून करून घ्यायला सिंग बसले नाहीत. त्याला जे विचित्रपणे जमत होतं ते त्यांच्या कानाला कळलं. आणि कान तयार होता, कारण त्या आधीची कितीतरी वर्षं त्यांनी स्वतः वाजवण्यात घालवली होती.

माझ्याकडे तो कान नव्हता. माझ्याकडे फोल्डर होतं.

आता जी गोष्ट सांगायला मी खरं तर गाडीत बसलोय ती सांगतो. काकांच्या रेकॉर्डिंगमधून मी वीसेक लूप कापले होते. त्यांची लिंक बीट बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर टाकली. फुकट. सगळे टाकतात, मीही टाकली. काकांना विचारलं? नाही. रेकॉर्ड करू का विचारलं होतं, वाटू का असं विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात तो फरकच आला नाही, कारण फाइल माझ्या लॅपटॉपवर होती.

गेल्या लग्नसराईत हायवेलगतच्या एका गावात मित्राच्या भावाचं लग्न होतं. वरातीला डॉल्बी. स्पीकरची भिंत, लाइट, धूर. मी नाचत होतो. रिमिक्स चालू झालं आणि मधेच बाकी सगळं थांबून हलगी वाजली, सगळी पोरं वेडी झाली. मला पहिल्या दोन ठोक्यांत कळलं. माझा लूप. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. मग रस्त्याच्या कडेला काका दिसले. ते त्याच गावचे. पूर्वी त्या घरच्या कार्याला त्यांनाच सुपारी असायची. या वेळी बोलावलं नव्हतं, डॉल्बी आहे म्हटल्यावर हलगी कशाला. ते कडेला उभं राहून स्वतःचीच हलगी ऐकत होते.

मला बघून जवळ आले. आवाजात ओरडून म्हणाले, "ह्यो माझा हात हाय."

मी मान हलवली.

"तुला किती मिळालं?"

"काहीच नाही काका."

थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे दोघंबी येडंच की रं," आणि घरी गेले.

त्या रात्री मी लिंक काढली. काही उपयोग नाही, ज्यांनी घ्यायचं त्यांनी घेतलं होतं. मग जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने वाजवणाऱ्याचा, गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क आला. गाणं कुणाचं, चाल कुणाची, हे वेगळं. पण तुम्ही जे वाजवलंत त्या वाजवण्यावर तुमचा हक्क, आणि तो ५० वर्षं टिकतो. म्हणजे "लोकसंगीत आहे, सगळ्यांचंच आहे" हे चालीबद्दल म्हणता येईल, काकांच्या त्या तासाभराबद्दल नाही. सॅम्पल कापणाऱ्या पोरांनो, हे मी तुम्हाला सांगतोय ते शहाणपणा म्हणून नाही, मी केलंय म्हणून.

दोन आठवडे मी टपरी टाळली. मग गेलो, लॅपटॉप घेऊनच. माफी मागायची होती, पण काकांना माफीत फार रस दिसला नाही. ते म्हणाले, "त्या डब्यात आजून काय काय व्हतं ते दाव."

मी त्यांचं मूळ रेकॉर्डिंग उघडलं, न कापलेलं. त्यांनी स्क्रीनवर स्वतःच्या ठोक्यांची नक्षी बघितली. बोट ठेवून सांगायला लागले, ही काडी, हे टिपरू, इथं माझा हात थकलाय. बरोबर सांगत होते. मग विचारलं, हे हळू होतं का? अर्ध्या वेगावर वाजवलं. हलगी एकदम खोल गेली, विहिरीत वाजवल्यासारखी. हे ऐकून ते गप्पच झाले. मग म्हणाले, ह्ये वाजत ठिव, आन मी वरनं वाजीवतो.

आणि मंडळी, काकांनी स्वतःबरोबर जुगलबंदी केली. खाली त्यांचीच हलगी निम्म्या वेगात, वर ते प्रत्यक्ष. चार-पाच मिनिटांनी थांबले आणि म्हणाले, आता उलटं लाव. म्हणजे रिव्हर्स! मी त्यांना रिव्हर्स असतं हे सांगितलंच नव्हतं. ठोका उलटा लावला की आधी घुमत येतो आणि फटकन तुटतो. त्या तुटण्यावर त्यांनी काडी मारायला सुरुवात केली. पन्नाशीच्या पुढचा माणूस, लॅपटॉपला कधी हात लावलेला नाही, आणि एका दुपारी माझ्या सहा वर्षांपेक्षा जास्त नवीन गोष्टी मशीनकडून मागितल्या. कारण त्यांना काय हवंय ते माहीत होतं, आणि मशीनमध्ये काय आधीच ठरवून ठेवलंय ते माहीत नव्हतं. माझं नेमकं उलटं होतं.

एआयचं विचारणार तुम्ही, म्हणून थोडक्यात. एका अ‍ॅपला मी लिहून सांगितलं, सोलापूरकडची हलगी, वरातीचा ठेका. अर्ध्या मिनिटात पूर्ण गाणं आलं. ऐकायला गोड, आवाज साफ, पण हलगी ढोलकीसारखी आणि ठेका कुठलाही. काकांना ऐकवलं. म्हणाले, "ह्याला इच्यारलं कोन?" याहून चांगलं परीक्षण मला जमणार नाही, म्हणून पुढे जातो.

सध्या आम्ही एक ट्रॅक करतोय. खालचा ठेका कुठलाही प्रीसेट नाही, हा मागचा खडखडाट आहे. याच गेटबाहेर उभं राहून फोनवर रेकॉर्ड केला आणि वेग निम्म्याने उतरवला. कल्पना माझी. काका आधी नको म्हणत होते, दिवसभर तेच ऐकतो, परत गाण्यातही तेच कशाला. मग एकदा वाजवून बघितलं. माग आपल्या रेघेवरून हलत नाही, आणि काका त्याच्या कधी पुढे, कधी मागे, कधी मुद्दाम लांब जाऊन परत तोडीवर येतात. हलगीचा एकही ठोका मी सरकवलेला नाही. हात शिवशिवतात, पण नाही. प्रोजेक्टच्या फाइलवर दोघांची नावं आहेत, पैसे आले तर निम्मे निम्मे, असं मी कागदावर लिहून दिलंय. काकांनी कागद घडी करून हलगीच्या पिशवीत टाकला. आत्तापर्यंत निम्मे म्हणजे शून्य.

भोंगा झाला वाटतं, जेवणाची सुट्टी. पोरं बाहेर येतील, मग हे गप्पांच्या आवाजात बुडेल. अर्ध्या मिनिटाचा तुकडा लावतो. हेडफोन घाला, फोनच्या स्पीकरवर खालचा माग येत नाही. तिसऱ्या मिनिटाची तोड अजून काकांना पटलेली नाही, म्हणून ती देत नाही. रविवारी परत बसायचंय.

[मागाचा आवाज, त्यावर हलगी]